रमाईंचा रस्ता आणि लालबागची हवा

भायखळ्याहून निघून लालबाग, परळ, दादर करीत शीवपर्यंत जाणाऱ्या हमरस्त्याला डॉ. बाबासाहेब आंबेडकर मार्ग असे नाव आहे. त्याच्या दक्षिणेकडच्या भागाला पूर्वी परळ रोड म्हणत. रस्त्याला नाव बाबासाहेबांचे मिळाले ते योग्यच झाले, पण आमच्या मते हा रस्ता तितकाच रमाईंचा आहे. त्यांचे मुंबईतले सारे आयुष्य याच रस्त्याच्या कडेकडेने गेले. भायखळ्याच्या बाजारात लग्न लागले, परळच्या पोयबावडीला संसार झाला आणि दादरच्या हिंदू कॉलनीत राजगृहावर प्राण गेला. या दोन टोकांच्या मध्ये लालबाग येते. तेव्हा ते गिरण्यांच्या धुराड्यांचे लालबाग होते. आज ते उड्डाणपुलाचे आणि टोलेजंग मनोऱ्यांचे आहे.

७ फेब्रुवारी आणि २७ मे या दोन दिवशी आपल्या वस्त्या-वस्त्यांतून रमाईंचे स्मरण होते. गाणी होतात, भाषणे होतात. पाच मुलांपैकी चार गेली, मुलाच्या कफनाला पैसे नव्हते म्हणून लुगड्याचा पदर फाडला, ही हकिकत ऐकताना सभेतल्या आयाबाया आजही डोळ्यांना पदर लावतात. त्यागमूर्ती हा शब्द रमाईंच्या नावाला कायमचा चिकटला आहे. त्या शब्दाबद्दल आम्हाला आदर आहे, तरी एक हरकत नोंदवायची आहे. त्याग माणूस स्वतःहून करतो. रमाईंनी दागिना मोडला, उपास काढले, नवऱ्याला परदेशी शिकायला जाऊ दिले, तो त्याग. चार लेकरे त्यांनी स्वतःहून दिलेली नाहीत. ती त्यांच्या मांडीवरून नेली गेली. कोणी नेली, याची चौकशी करण्याऐवजी आम्ही तेही त्यागाच्या खात्यात जमा करून टाकले. या लेखात रमाईंचे चरित्र त्या चार पाळण्यांच्या बाजूने पाहायचे आहे.

रमाईंचा जन्म १८९८ सालचा, दापोलीजवळच्या वणंद गावचा. वडील भिकू धुत्रे दाभोळच्या बंदरावर मासळीच्या टोपल्या वाहात. आई रुक्मिणी लवकर गेली, पाठोपाठ वडील गेले. पोरकी झालेली भावंडे घेऊन नातेवाईक मुंबईला भायखळ्याला आले. तिथेच सुभेदार रामजी आंबेडकरांनी आपल्या भिवासाठी ही मुलगी पाहिली. मुलीचे वय नऊ-दहा वर्षांचे, मुलगा अजून विद्यार्थी. भायखळ्याच्या बाजारातले मासळीचे ओटे रात्री रिकामे झाल्यावर तिथेच लग्न लागले. पायाखाली सांडपाणी होते आणि वर बाजाराचे छप्पर होते. पहाट होताच कोळणी पुन्हा टोपल्या घेऊन येणार होत्या.

दाभोळच्या खाडीवरचे वारे सोडून ही मुलगी गिरणगावात आली. आंबेडकर कुटुंब आधी लोअर परळच्या डबक चाळीत राहात होते. पुढे ते पोयबावडीच्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या चाळीत आले. चाळ क्रमांक १, दुसरा मजला, ५० आणि ५१ क्रमांकाच्या समोरासमोरच्या खोल्या. लालबागच्या नाक्यावरून पायी निघाले तर दहा-पंधरा मिनिटांत ही चाळ येते. बी.आय.टी. चाळ म्हणून ती आजही सगळ्यांना ठाऊक आहे.

या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टची गोष्ट थोडी सांगितली पाहिजे. १८९६ साली मुंबईत प्लेग आला. कोंदट, अंधाऱ्या, खिडकी नसलेल्या खोल्यांतून माणसे मेली. शहराला वारा मिळाला पाहिजे, गर्दीच्या वस्त्या फोडून समुद्राचा वारा आत आणणारे रस्ते काढले पाहिजेत, असे सरकारला वाटले आणि १८९८ साली हा ट्रस्ट स्थापन झाला. म्हणजे रमाई आणि ट्रस्ट एकाच सालचे. हवा देण्यासाठी जन्मलेल्या संस्थेने कामगारांसाठी ज्या चाळी बांधल्या, त्यांत एका खोलीत एक कुटुंब आणि मजल्यावर सामाईक नळ-संडास. रमाईंच्या दोन खोल्यांत सासरची नऊ-दहा माणसे. कोणी आजारी, कोणी विधवा, कोणी शिकणारे. एका खोलीत चूल आणि माणसे, दुसरीत बाबासाहेबांची पुस्तके. परळच्या मानाने ही चैन होती, कारण बहुतेकांकडे एकच खोली असे.

बाहेरची हवा काही निराळी नव्हती. लालबाग, काळाचौकी, परळ, शिवडी हा सगळा पट्टा गिरण्यांनी भरलेला. गिरणी चाले वाफेवर आणि वाफ होई कोळशावर. धुराचा त्रास साहेबांच्या बंगल्यांपर्यंत पोचला तेव्हा सरकारने १९१२ साली मुंबईसाठी धुराच्या उपद्रवाविरुद्ध कायदा केला. त्याच सालच्या डिसेंबरात रमाईंच्या पोटी यशवंतराव जन्मले. कायद्याचा विषय होता भट्टी आणि तिचे धुराडे. घरातल्या चुलीचा धूर त्यात नव्हता. १९१५ साली टाटांची खोपोलीची वीज गिरण्यांना मिळू लागली आणि पुढच्या वर्षांत वाफेची इंजिने एकेक करून थंड होत गेली. गिरणीचा धूर कमी झाला तो गिरणीमालकाला वीज स्वस्त पडली म्हणून. चाळीतल्या बाईला स्वस्त पडेल असे काही त्या काळात आले नाही. ती लाकडे, कोळसा आणि शेणाच्या गोवऱ्यांवरच राहिली.

गोवऱ्या म्हटले की आमच्या वाचकांच्या डोळ्यांपुढे एक चित्र उभे राहते. १९१३ च्या फेब्रुवारीत सुभेदार रामजी गेले, त्याच वर्षी बाबासाहेब न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात गेले. परत आले १९१७ ला. १९२० ला पुन्हा लंडनला, तिथून आले १९२३ ला. या वर्षांत घर चालवायला पैसे पुरत नसत. बॅरिस्टराच्या बायकोने शेण वेचावे हे लोकांना दिसू नये म्हणून रमाई अंधारात बाहेर पडत आणि गोवऱ्या थापून विकत, असे जुनी माणसे सांगत आली. हे आम्ही अभिमानाने सांगतो आणि सांगितलेच पाहिजे. पण गोवरी हे सर्वांत धुरकट जळण आहे, हेही त्याच दमात सांगायला हवे. खोलीत धूर कोंडला की त्यातला कार्बन मोनॉक्साइड वायू रक्तातल्या प्राणवायूची जागा घेतो आणि बारीक कण छातीत खोल उतरतात. चुलीपुढे बसणारी बाई दुजीवाची असली तर ते एकटीच्या छातीपुरते राहात नाही.

यशवंतरावांनंतर गंगाधर, रमेश, इंदू आणि राजरत्न. मुलगी एकच, इंदू. चौघेही बालपणीच गेले. शेवटचा राजरत्न १९ जुलै १९२६ ला गेला. तो बाबासाहेबांचा फार लाडका. त्यानंतर महिन्याभराने त्यांनी दत्तोबा पवारांना लिहिलेले पत्र प्रसिद्ध आहे. ज्यांनी ते वाचले त्यांना ते पुन्हा सांगण्याची गरज नाही, ज्यांनी वाचले नाही त्यांनी एकदा वाचावे. कठोर म्हणून ओळखला जाणारा माणूस त्यात बाप म्हणून कोसळलेला दिसतो. रमाईंना लिहिता येत असते आणि कोणी विचारले असते, तर त्यांचेही एक पत्र आज आपल्यापाशी असते.

रमाई एकट्या नव्हत्या. १९२१ सालचे मुंबईचे नोंदलेले आकडे आहेत. एका खोलीत किंवा त्याहून कमी जागेत राहणाऱ्या कुटुंबांत, नोंदल्या गेलेल्या हजार जन्मांमागे ८२८ अर्भकमृत्यू. दोन खोल्यांत ३२२, तीन खोल्यांत १९१ आणि चार किंवा अधिक खोल्यांत १३३. पहिला आकडा खरा असण्यापेक्षा मोठा दिसतो, कारण पुष्कळ बायका बाळंतपणाला कोकणात किंवा घाटावर माहेरी जात. जन्म गावी होई, नोंद शहरात होत नसे आणि मूल शहरात आणल्यावर मेले की मृत्यू तेवढा शहरात लिहिला जाई. हे मान्य करूनही एका खोलीच्या आणि चार खोल्यांच्या घरांमधले अंतर पुसले जात नाही. त्याच सुमारास मुंबई सरकारच्या मजूर कचेरीने डॉ. बार्न्स नावाच्या बाईंना गिरणीतल्या बायकांची पाहणी करायला नेमले होते. कामावर जाताना मूल रडू नये म्हणून आया त्याला अफूची गोळी देतात, हे त्यांनी घराघरांत पाहिले आणि लिहून ठेवले. आईला दोष देणे सोपे. दिवसभर मशीनपाशी उभी राहणारी बाई दुसरे काय करणार होती, हे सांगणे मात्र अवघड आहे.

आता आजच्या वैद्यकाकडे वळतो, कारण रमाईंच्या काळात जे दैव समजले जाई त्यातल्या बऱ्याच गोष्टींचा उलगडा आता होतो आहे.

गर्भाचे हृदय कधी तयार होते? दिवस गेल्यानंतरच्या तिसऱ्या आठवड्यापासून आठव्या आठवड्यापर्यंत. सुरुवातीला ती एक साधी नळी असते. ती वळते, दुमडते, तिच्यात पडदे उभे राहतात, चार कप्पे होतात, बाहेर जाणाऱ्या रक्तवाहिन्या वेगळ्या होतात. या नाजूक कारागिरीत कुठे पडदा अपुरा राहिला तर हृदयात छिद्र राहते. कुठे वाहिनी अरुंद राहिली किंवा भलतीकडे जोडली गेली तर मूल निळे पडते. त्यालाच जन्मजात हृदयदोष म्हणतात. जन्मणाऱ्या हजार मुलांत साधारण आठ-नऊ जणांना तो असतो. आपल्या देशात वर्षाला दोन लाखांहून अधिक मुले असा दोष घेऊन जन्मतात आणि त्यांतल्या सुमारे एक-पंचमांश मुलांना पहिल्या वर्षातच शस्त्रक्रिया किंवा तशाच उपचारांची गरज लागते, असा तज्ज्ञांचा अंदाज आहे.

कारणे अनेक आहेत. काही दोष रक्तातून, म्हणजे आनुवंशिक येतात. आईला सुरुवातीच्या महिन्यांत रुबेला म्हणजे जर्मन गोवर झाला, तिला मधुमेह असला, काही औषधे पोटात गेली, तर धोका वाढतो. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत या यादीत हवेचे नाव येऊ लागले आहे. २००२ साली अमेरिकेतल्या दक्षिण कॅलिफोर्नियात, गर्भारपणाच्या दुसऱ्या महिन्यात कार्बन मोनॉक्साइड आणि ओझोन जास्त असलेल्या भागांतल्या मुलांत काही हृदयदोष अधिक आढळले. २०११ साली निरनिराळ्या देशांतले अभ्यास एकत्र तपासले गेले. मोटारींच्या धुरातला नायट्रोजन डायऑक्साइड आणि कोळशाच्या धुरातला सल्फर डायऑक्साइड यांचा महारोहिणी अरुंद होण्याशी आणि फॅलोटच्या दोषाशी संबंध दिसला. हाच दोष मुलाला निळे पाडतो. २०२३ साली चीनमधल्या १४ लाखांहून अधिक जन्मांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात हवेतल्या अतिसूक्ष्म धूलिकणांचा, ज्यांना पीएम २.५ म्हणतात, असाच संबंध आढळला. दिवस जाण्याच्या आधीच्या महिन्यांत आईने कोणती हवा घेतली, तेही त्यात महत्त्वाचे ठरले. काही अभ्यासांत असा संबंध दिसला नाही, हेही सांगितले पाहिजे. वाढलेला धोका एका बाईपुरता पाहिला तर थोडा आहे. पण तो सगळ्या शहराला एकदम लागू होतो, म्हणून मुलांची संख्या मोठी होते. कमी वजनाची आणि अपुऱ्या दिवसांची बाळंतपणे हवेमुळे वाढतात, याबद्दल मात्र आता फारसा वाद उरलेला नाही.

वार गर्भाला सगळ्यापासून राखते अशी जुनी समजूत होती. बेल्जियमच्या हॅसेल्ट विद्यापीठाच्या संशोधकांना २०१९ साली वारेच्या बाळाकडच्या बाजूला काजळीचे कण सापडले. २०२२ साली ते गर्भाच्या अवयवांतही सापडले. आईच्या छातीत गेलेली काजळी तिथवर पोचते.

गंगाधर किंवा इंदू यांच्या हृदयात दोष होता असे आम्ही म्हणत नाही. एका विशिष्ट मुलाकडे बोट दाखवून हे धुरामुळे झाले असे कोणताही डॉक्टर कधीच सांगू शकत नाही. हवेचा हिशोब हजारांत आणि लाखांत लागतो. पण एकाच आईची पाचांतली चार मुले, एकाच चाळीतली किती तरी मुले, एका खोलीच्या घरांतली हजारांतली शेकडो मुले जेव्हा जातात, तेव्हा ते घराचे दुर्दैव राहात नाही. त्यामागे घर, हवा, अन्न आणि मिळकत यांची वाटणी असते, आणि ती वाटणी माणसाने केलेली असते.

इथे थोडे विषयांतर करतो, पण ते आमच्या वाचकांच्या जिव्हाळ्याचे आहे. राजरत्न गेला त्या काळात हृदयदोष असलेल्या मुलासाठी जगात कुठेही शस्त्रक्रिया नव्हती. निळ्या बाळावरची पहिली शस्त्रक्रिया नोव्हेंबर १९४४ मध्ये अमेरिकेत बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात झाली. कल्पना हेलन टॉसिग या बालरोगतज्ज्ञ बाईंची आणि चाकू शल्यविशारद ब्लॅलॉक यांच्या हाती. पण ती शस्त्रक्रिया कुत्र्यांवर महिनोन्महिने करून जिने पक्की केली, ती व्यक्ती म्हणजे व्हिव्हियन थॉमस. हा कृष्णवर्णीय माणूस सुतारकाम करणारा, डॉक्टर होण्यासाठी पै-पै साठवणारा. १९२९ च्या मंदीत बँक बुडाली आणि त्याचे शिक्षण राहिले. प्रयोगशाळेत तो संशोधकाचे काम करी आणि पगारपत्रकात त्याची जागा झाडूवाल्याच्या वर्गात असे. त्या दिवशी तो एका स्टुलावर उभा राहून ब्लॅलॉक यांच्या खांद्यामागून पुढे काय करायचे ते सांगत होता. विद्यापीठाने त्याला मानद डॉक्टरेट दिली ती १९७६ साली. ज्या देशात बाबासाहेब शिकले त्या देशाचीही अशी एक चातुर्वर्ण्य व्यवस्था होती, आणि लाखो मुलांची हृदये तिच्या तळाच्या माणसाने दुरुस्त केली.

पोयबावडीच्या आसपासच याचे मुंबईतले प्रकरण आहे. केईएम रुग्णालय आणि नौरोसजी वाडिया प्रसूतिगृह ही दोन्ही १९२६ साली परळला सुरू झाली. म्हणजे राजरत्न गेला त्याच साली. लहान मुलांचे वाडिया रुग्णालय १९२९ साली आले. केईएममध्येच फेब्रुवारी १९६८ मध्ये डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी भारतातले पहिले हृदयरोपण केले. आज राज्याच्या कानाकोपऱ्यांतून हृदयात छिद्र असलेली मुले घेऊन आईबाप परळला येतात, फूटपाथवर मुक्काम करतात, टू-डी एकोच्या रांगेत उभे राहतात. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली सुरू झाला. त्यातून अंगणवाडीत आणि शाळेत तपासणी होऊन अनेक मुलांची शस्त्रक्रिया मोफत झाली. ज्यांच्या घरी असे मूल आहे त्यांनी ही वाट जरूर धरावी. मात्र परळ ही दुरुस्तीची जागा आहे, बिघाड दुसरीकडेच झालेला असतो.

बाबासाहेब या प्रश्नापर्यंत पोचले होते. राजरत्नाच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनी, जुलै १९२८ मध्ये, मुंबई विधिमंडळात गिरणीतल्या बायकांना प्रसूतीच्या काळात भत्ता देण्याचे विधेयक आले. बाबासाहेबांनी त्याला जोरदार पाठिंबा दिला. बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, त्याचा भार मुख्यतः सरकारने उचलावा, पण बाईच्या श्रमावर नफा कमावणाऱ्या मालकालाही त्यातून सुटता येणार नाही, असा त्यांच्या प्रतिपादनाचा आशय होता. चार मुले पुरलेला बाप सभागृहात उभा होता आणि त्या भाषणात स्वतःच्या घराबद्दल एक शब्द नव्हता. १९२९ साली कायदा झाला. रोज आठ आणे, बाळंतपणाआधीचे तीन आणि नंतरचे चार आठवडे. पुढे १९४२ ते १९४६ या काळात ते व्हाईसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री होते तेव्हा खाणीतल्या बायकांच्या प्रसूती लाभाच्या कायद्यातही दुरुस्त्या झाल्या. देशभरच्या कायद्याने मिळणारी रजा २०१७ साली २६ आठवड्यांवर गेली, त्यांतले आठ बाळंतपणाच्या आधी घेता येतात.

या कायद्यांचे मोल आम्ही जाणतो. पण दोन गोष्टी त्यांच्या हाताबाहेर राहिल्या. रमाई कधी गिरणीत कामाला गेल्या नाहीत. गोवऱ्या थापणाऱ्या बाईला १९२९ च्या कायद्याने आठ आणे मिळाले नसते आणि घरकाम करणाऱ्या, बिगारी काम करणाऱ्या बाईला २०१७ च्या २६ आठवड्यांतला एक दिवसही हाती पडलेला नाही. दुसरी गोष्ट अधिक खोल आहे. हृदय आठव्या आठवड्यापर्यंत बनून गेलेले असते. तेव्हा बाईला पाळी चुकली एवढेच कळलेले असते, कधी तेही नाही. सातव्या महिन्यात डोहाळजेवण होते तोवर त्या हृदयाचे ठोके पाच महिने पडून गेलेले असतात. रजा मिळते त्यानंतर. म्हणजे गरोदर बाईला जपा, तिला धुरात जाऊ देऊ नका, हा उपदेश या बाबतीत उशिरा पोचतो. कोणत्या बाईला दिवस गेले आहेत हे वस्तीतही कोणाला माहीत नसते, अशा वेळी एकच उपाय उरतो. सगळ्या वस्तीची हवा, सगळ्यांसाठी, बाराही महिने स्वच्छ असली पाहिजे. हा हक्क एकेकीला सुटा देता येत नाही. चवदार तळ्याचे पाणीही कोणा एकासाठी मागितलेले नव्हते.

रमाईंची प्रकृती या सगळ्यात खचत गेली. मध्यंतरी त्या धारवाडला वराळ्यांच्या वसतिगृहात जाऊन राहिल्या. तिथे मुलांच्या जेवणाची अडचण पाहून त्यांनी हातातल्या सोन्याच्या बांगड्या काढून दिल्या, ही गोष्ट आपल्याकडे सर्वांना ठाऊक आहे. मुंबईबाहेरच्या त्या मोकळ्या जागेत स्वतःची चार मुले गमावलेली बाई दुसऱ्यांची मुले जेवताना पाहात बसली होती, हे त्यात फारसे सांगितले जात नाही. १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला दादरला राजगृह उभे राहिले. मोठ्या खिडक्यांचे, वारा खेळणारे ते घर बाबासाहेबांनी मुख्यतः पुस्तकांसाठी बांधले. रमाईंना ते फार थोडे लाभले. दीर्घ आजारानंतर २७ मे १९३५ ला त्या तिथे गेल्या. वय ३७. बाबासाहेबांनी १९४० च्या अखेरीस प्रसिद्ध झालेले पाकिस्तानविषयीचे आपले पुस्तक त्यांच्या स्मृतीला अर्पण केले.

आजच्या लालबागेत गिरणीचे भोंगे नाहीत. मोजकी धुराडी आठवणीसाठी उभी आहेत. गिरण्यांच्या जमिनींवर चाळीस-पन्नास मजले चढले, चाळींचा पुनर्विकास सुरू आहे, आणि जुनी इमारत पाडणे, खडी-सिमेंट उतरवणे, डंपर धावणे हे वर्षानुवर्षे चालू असते. आंबेडकर मार्गावर २०११ पासून उड्डाणपूल आहे. वर एक वाहतूक, खाली दुसरी, आणि दोन्हींचा धूर पुलाखालच्या घरांच्या खिडक्यांशी. आपल्या देशाने पीएम २.५ साठी वर्षाच्या सरासरीची जी मर्यादा ठरवली ती दर घनमीटरला ४० मायक्रोग्रॅम. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली सांगितलेली मर्यादा ५ आहे. देशी मर्यादा पाळली गेली तरी ती हवा जगाच्या हिशोबाने आठपट वाईट.

आणि या हवेत सर्वांत जास्त कोण असते? पहाटे सहाला झाडू घेऊन हा रस्ता झाडणारी महापालिकेची किंवा कंत्राटदाराची बाई. ती बहुतेक वेळा आपलीच असते. रात्रभर बसलेली धूळ ती झाडूने उडवते आणि स्वतःच्या छातीत घेते. मग इमारतीच्या कामावर घमेली वाहणारी बिगारी बाई. ती मराठवाड्यातून, तेलंगणातून, कर्नाटकातून आलेली असते. तिचे पालही कामाच्या पत्र्याच्या आडच असते. या दोघींपैकी कोणीही दिवस गेल्यावर पहिल्या दोन महिन्यांत काम सोडत नाही. सोडले तर रोज बुडतो. वरच्या मजल्यांवर ज्यांची घरे होणार आहेत त्यांच्या खोल्यांत हवा गाळणारे यंत्र असेल. १९२१ मध्ये चार खोल्यांचे घर जे काम करी, ते आज ते यंत्र करते. शहरातल्या कारखान्यांजवळची जागा कोणाला मिळते, हे माहुलने दाखवून दिले. जलवाहिनीच्या कडेच्या झोपड्या पाडून तिथली माणसे तेल शुद्धीकरण कारखान्यांच्या शेजारी नेऊन ठेवली. तिथल्या हवेची दखल हरित लवादाला २०१५ साली घ्यावी लागली आणि २०१९ साली उच्च न्यायालयाने या लोकांना तिथे राहण्याची सक्ती करता येणार नाही असे सांगितले. तोवर तिथे किती पाळणे हलले याची मोजदाद न्यायालयापुढे नव्हती.

ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईची हवा फारच बिघडली तेव्हा महापालिकेने बांधकामांसाठी नियम काढले. ७० मीटरपेक्षा उंच इमारत असेल तर भोवती ३५ फूट उंच पत्रे, इमारतीला झाकणारे कापड, पाण्याचे फवारे, राडारोड्याच्या गाड्या झाकलेल्या. कागदावर हे नियम चांगले आहेत. त्यांत मजुराच्या तोंडाला मास्कही आहे. त्या मजुरणीला दिवस गेले असतील तर काय, याचा विचार मात्र नाही. सफाई कामगार बाईंच्या झाडूऐवजी यंत्राने ओली सफाई करा, ही मागणी तर कामगार संघटनांच्या यादीतही खालच्या क्रमांकाला असते. पगार, कायमपणा, घर या मागण्या वर असतात. त्या असाव्यातच, पण त्यांच्याबरोबर हीही वर आली पाहिजे.

लालबाग-परळचा कारभार पाहणारे एफ दक्षिण विभागाचे महापालिका कार्यालय परळला याच आंबेडकर मार्गावर आहे. विभागात किती बांधकामे चालू आहेत, त्यांतल्या कितींना नियमभंगाची नोटीस गेली, किती ठिकाणी काम थांबवले, आणि विभागातल्या सफाई कामगार बायकांची दर वर्षी आरोग्य तपासणी होते की नाही, हे माहितीच्या अधिकारात एका साध्या अर्जाने विचारता येते. अर्जाची फी १० रुपये आहे. येत्या ७ फेब्रुवारीला लालबाग-परळच्या ज्या मंडळांनी रमाईंच्या प्रतिमेला हार घालण्याचे ठरवले असेल, त्यांच्या कार्यकर्त्यांपैकी दोघांनी त्या आठवड्यात हा अर्ज तिथे देऊन पोच घ्यावी.